टेबलावरचं सभागृह

आईनं सकाळीच जाहीर करून टाकलं, की दुपारची जेवणं उरकली की तालीम होईल आणि सगळ्यांनी हजर राहायचं. दादानं चहाचा कप ओठांपाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

"तालीम? आज? उद्या उभी राहा, दोन ओळी वाच आणि खाली बस. बाकीचं आम्ही बघतो."

"तुम्ही बघताच आहात," आई म्हणाली. "जरा मलाही बघू दे."

तिनं हे हसत म्हटलं, तरी मधलीनं चमकून तिच्याकडे बघितलं. घरात तिला सगळे मधलीच म्हणत. बाहेर ती बाईसाहेबांची भाषणं लिहिणारी म्हणून ओळखली जाई, आणि बाईसाहेब म्हणजे तिची आई, सरकारची प्रमुख. त्याच सरकारवर उद्या सभागृहात अविश्वासाचा ठराव यायचा होता. ठरावाची भाषा मोठी जपून लिहिलेली होती, पण तिचा अर्थ शाळकरी पोरालाही कळला असता: बाईंचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, त्यांना घरी पाठवा.

निमित्त झालं होतं मागच्या अधिवेशनातल्या एका प्रसंगाचं. कोळशाची खाण बंद करण्याच्या निर्णयावर चर्चा चालली होती. आई उत्तराला उभी राहिली, "माझे सहकारी" म्हणून शेजारच्या अर्थमंत्र्यांकडे हात केला आणि थांबली. ज्या माणसाबरोबर निम्मं आयुष्य राजकारणात काढलं, त्याच्या नावापाशी तिची गाडी अडली ती अडलीच. शेवटी "हे… हे आपले," एवढंच म्हणून ती खाली बसली. तेव्हापासून देशाला दुसरा उद्योग राहिला नव्हता. तिला कधीही न भेटलेले डॉक्टर टीव्हीवर बसून तिच्या मेंदूचं निदान करत होते. एका सूत्रसंचालकानं तर हातात घड्याळ धरून तिच्या जुन्या भाषणांतली शांतता मोजली होती. कुणाला तिच्या चालण्यात डावा पाय ओढलेला दिसत होता, कुणाला सहीत थरथर दिसत होती. शाळेतली पोरं एकमेकांना "हे… हे आपले" म्हणून चिडवत होती. विरोधी पक्षनेते मात्र भारी सज्जन. ते म्हणाले, बाईसाहेबांबद्दल आम्हांला आदरच आहे, त्यांना आता विश्रांती मिळावी एवढीच इच्छा. असला आदर कुणाच्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

घर मात्र घाबरलं नव्हतं, कारण घराला आईच्या थांबण्याची सवय होती. आई लहानपणापासून अडखळत बोलायची. तिचे वडील, म्हणजे ज्यांनी पक्ष उभा केला ते आजोबा, लेकीची जीभ मोकळी व्हावी म्हणून जेवणाच्या टेबलावर सभागृह भरवू लागले. एका टोकाला आई उभी राही, बाकीचे विरोधक होत, आणि आजोबा असे बोचरे प्रश्न विचारत की पोर रडत उठून जाई. परत आली की पुन्हा पहिल्यापासून. त्या टेबलानं आईला वक्ता बनवलं. अडखळणं गेलं नाही, पण ती ते लपवायला शिकली आणि घर तिला मदत करायला शिकलं. आई थांबली, की कुणी पाण्याचा पेला पुढं करी, कुणी हवा असलेला शब्द सहज बोलल्यासारखा बोलून टाकी. हे मुलांना कुणी शिकवलं नव्हतं. जसं चालायला आलं तसं हेही आलं. त्यामुळे टीव्हीवरचे तज्ज्ञ बोलू लागले तेव्हा घरानं कानांवर हात ठेवले. जुनं दुखणं आहे, वयानं पुन्हा डोकं वर काढलंय, दुसरं काय?

मधलीही हेच म्हणत होती. जरा जास्तच जोरात म्हणत होती, हे तिचं तिला कळत होतं.

दुपारी टेबल पुसून झालं. फाटकाबाहेर कॅमेरेवाले गाड्यांच्या टपांवर बसले होते आणि समोरच्या फुटपाथवर खाणीवरची माणसं, दिव्याच्या टोप्या मांडीवर घेऊन, एक शब्द न बोलता बसलेली होती. धाकट्या भावानं पडदे ओढून घेतले. तो चित्रफितींचं संकलन करायचा. आईचे देशाला उद्देशून असलेले संदेश त्याच्याच खोलीत कापून-जोडून तयार होत. मावशी लाकडी चमचा घेऊन सभापतींच्या खुर्चीत बसली. तिनं जन्मभर रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या, त्यामुळे मीठ मागितलं तरी ती बातमी वाटे. दादा समोर बसला. तो खराखुरा सभासद होता, सभागृहात आईच्याच मागच्या बाकावर बसायचा, पण या टेबलावर मिसरूड फुटल्यापासून तो विरोधी पक्षनेता होता.

"सदस्यांनी शांतता राखावी," मावशीनं चमचा आपटला. "ताई, कर सुरू."

मधलीनं कागद आईपुढे ठेवले. आईनं चष्मा लावला आणि भाषण वाचलं. सुंदर वाचलं. आवाज खणखणीत होता, विराम जिथल्या तिथे. विरोधकांना काढलेला एक चिमटा तर असा बसला, की दादालाही हसू आवरेना. भाषण संपलं तेव्हा धाकट्यानं टेबल बडवलं आणि मावशीनं डोळ्यांना पदर नव्हता म्हणून बाही लावली.

"काय बोलतेस गं ताई! त्या टीव्हीवाल्यांना आणून बसवायला हवं होतं इथं."

आई उभीच होती. तिनं कागदांची चळत सारखी केली.

"प्रश्न," ती म्हणाली.

दादानं घसा खाकरला. "सन्माननीय नेत्यांनी सांगावं, की… की त्यांच्या सरकारची सर्वांत मोठी कामगिरी कोणती?"

आई त्याच्याकडे बघत राहिली.

"हा प्रश्न विरोधी पक्षनेता विचारणार आहे?"

"कुणी सांगावं…"

"दादा, तू सतरा-अठरा वर्षांचा होतास तेव्हा याच खुर्चीत बसून मला विचारलं होतंस, की बाई, तुम्ही वडिलांची मुलगी नसता तर तुम्हांला साधी शिपायाची नोकरी तरी मिळाली असती का. मी तुला मुस्काटात द्यायचंच बाकी ठेवलं होतं. आणि आज मला विचारतोस, कामगिरी कोणती?" आई खाली बसली. "या टेबलावर मी रोज हरायचे. गेल्या कित्येक महिन्यांत एकदाही हरलेली नाही. मी एवढी हुशार कधी झाले?"

धाकटा टेबलावरचे ओले ठिपके बोटानं पुसू लागला.

"तुम्ही चौघं काय करताय, ते मला सांगा," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "एकेक करून सांगा. मधले, तू."

मधलीला वाटलं, खोटं बोलावं. ओठांवर तयारच होतं. पण आईचे डोळे तिच्यावर खिळले होते आणि त्यांत राग नव्हता, भीती होती. आईला घाबरलेलं तिनं आजवर पाहिलेलं नव्हतं.

"वाक्यं लहान करते," ती म्हणाली. "माणसांची नावं घालत नाही, पदं घालते. अर्थमंत्री, आरोग्यमंत्री, असं. आकडे काढून टाकते. एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना आधी काय झालं ते पुन्हा सांगते, म्हणजे तुला… म्हणजे ऐकणाऱ्याला सोपं जातं."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. आई, तू अडखळतेस तिथं…"

"हे तू मला न विचारता करत होतीस?" दादा तिच्यावर उखडला. "तरीच म्हटलं, भाषणं हल्ली बालवाडीतली का वाटतात! तू तिला कागदाशिवाय उभं राहता येऊ नये असं करून ठेवलंस, आणि त्या दिवशी कागद नव्हता तर काय झालं ते सगळ्या जगानं बघितलं."

"आणि तू?" मधलीचाही तोल गेला. "तू आईच्या भेटी सकाळी का ठेवायला लागलास? संध्याकाळी कुणालाही आत सोडत नाहीस. प्रत्येक पाहुण्याचं नाव तिच्या कानात कुजबुजतोस. मला दिसत नाही?"

"ते तर सगळेच नेते करतात!"

"ते संदेश," धाकटा मध्येच म्हणाला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं. "आईचे संदेश. मी मधली शांतता कापतो. आधी इकडची तिकडची कापायचो. शेवटच्या संदेशात जेवढं ठेवलं त्यापेक्षा कापलं जास्त. मला वाटलं, हे फक्त मलाच माहीत आहे. म्हटलं, तुम्हांला कशाला काळजी."

मावशीनं हातातला चमचा खाली ठेवला.

"आता लपवण्यात काय अर्थ आहे?" ती म्हणाली. "फोनवर मी बोलते."

"म्हणजे?"

"म्हणजे ताई म्हणून. आमचे आवाज सारखे. संध्याकाळी तिला त्रास होतो, म्हणून एकदा घेतला. मग पुन्हा घेतला. गृहमंत्र्यांशी मी चांगली तासभर बोललेय. बिचारे म्हणाले, बाईसाहेब, आज तुम्ही अगदी पूर्वीसारख्या वाटलात."

धाकट्याला हसू फुटलं. ते थांबवता थांबवता त्याचे डोळे भरून आले. दादानं कपाळाला हात लावला. चौघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं, की आपण एकटेच एक बारीकशी चीर बुजवतोय. चारी चिरा शेजारी शेजारी आल्यावर भिंतच उरत नव्हती. आईवर प्रेम नसतं, तर एवढं व्यवस्थित फसवणं कुणालाच जमलं नसतं. आणि यांतल्या कुणीही मनाशीसुद्धा त्याला फसवणं म्हटलं नव्हतं. आईची जीभ अडते, आपण तिला हात देतो, जन्मभर देत आलो, एवढंच.

आईनं दोन्ही तळहात टेबलावर टेकले.

"तुम्हांला वाटलं, माझं जुनं दुखणं आहे," ती म्हणाली. "मीही स्वतःला तेच सांगत होते. पण फरक असतो रे. अडखळताना शब्द दिसत असतो. दाराशी उभा असतो, आत येत नाही एवढंच. त्या दिवशी सभागृहात मी बघितलं, तर दारात कुणीच नव्हतं."

मावशी "ताई" म्हणून उठली. आईनं तिला हातानं खाली बसवलं.

"बाहेरची माणसं माझ्या जिभेला हसतात, त्याचं मला काही नाही. जिभेला मी सांभाळून घेते, आयुष्य गेलं त्यात. पण बाहेर जे विचारतात ते घरात मला कुणीच विचारलं नाही. मी पडले असते तर मला कळलं असतं, मी किती पडतेय. तुम्ही मला पडूच दिलं नाहीत. आता मला काय येतं आणि काय तुमचं आहे, हे मलाच माहीत नाही." तिनं कागद मधलीकडे सरकवले. "हे घे. आता खरा प्रश्न विचार. तू विचार, दादा नको."

प्रश्न शोधायची गरज नव्हती, तो समोरच्या फुटपाथवर बसलेला होता. विचारू नये असं तिला फार वाटलं. आईचं जे उरलंय ते तसंच राहू द्यावं, झाकून ठेवावं. आणि दुसरंही वाटलं, ते कबूल करायला तिला लाज वाटली. लोक आईची म्हणून जी वाक्यं उद्धृत करत, ती मधलीची होती. हा प्रश्न विचारला तर ते सगळं आज संपणार होतं.

"सन्माननीय नेत्यांनी सांगावं," ती म्हणाली, "खाण बंद करायचा निर्णय त्यांनी का घेतला?"

आईनं तोंड उघडलं. मधलीनं वाट बघितली. सगळ्यांनी बघितली. घड्याळाची टिकटिक आणि बाहेर कुणा कॅमेरेवाल्याचं मोठ्यानं बोलणं, एवढंच ऐकू येत होतं. आईची नजर टेबलावरून फिरली, मावशीवर गेली, धाकट्यावर गेली, आणि शेवटी आधारासाठी जावी तशी दादावर जाऊन थांबली.

"आतलं छत खचतंय म्हणून," दादा म्हणाला. "तज्ज्ञांचा अहवाल होता. पुढच्या पावसाळ्यापर्यंत एखादा बोगदा बसला असता, माणसं गेली असती. पर्यायी कामाची योजना पुढच्या वर्षी…" तो थांबला.

"हे मला माहीत होतं?" आईनं विचारलं.

दादानं नजर टेबलावर वळवली.

"मी तो अहवाल वाचला होता?"

"त्या संध्याकाळी तुला बरं नव्हतं. सचिव बाहेर ताटकळत उभे होते. मी म्हटलं, आई, इथं सही कर."

"आणि मी केली."

"निर्णय बरोबरच होता, आई! तू वाचला असतास तर तूही हेच केलं असतंस. आधी सहीला नुसती शुभेच्छापत्रं होती, मग बदल्या… तू दमायचीस, मी विचारत बसलो नाही. मी वाईट काही केलं नाही."

"वाईट केलंस असं मी म्हणत नाही. निर्णय बरोबरही असेल." आई उठली. खुर्चीच्या पाठीला धरून क्षणभर उभी राहिली. "पण लोकांनी तुला निवडलं नव्हतं, दादा. आणि बाहेरच्या त्या माणसांना का ते विचारायचं असेल, तर त्यांनी माझ्यासमोर बसून उपयोग काय?"

ती आपल्या खोलीत निघून गेली. जाताना तिनं मधलीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच भाषणाबद्दल एकही सूचना दिली नाही.

संध्याकाळी दादा मधलीच्या खोलीत आला. दार लावून घेतलं. लहानपणी काही फोडलं की असाच यायचा.

"ती उद्या काय बोलणार?"

"मला माहीत नाही. माझ्याकडून काही लिहून घेतलेलं नाही."

"माझं नाव घेईल?" तो खिडकीपाशी गेला, पडदा जरासा सारला आणि पुन्हा सोडला. "पक्षातली म्हातारी मंडळी सकाळपासून फोन करतायत. बाई गेल्या तर तूच, म्हणतात. मी कधी मागितलं नव्हतं, हे तुला माहिताय."

"मागितलं नव्हतंस, पण नकोही म्हणाला नाहीस."

"नाही म्हणालो नाही," त्यानं कबूल केलं. "तिनं माझं नाव घेतलं तर मी संपलो. नुसता मीच नाही. आजोबांपासूनचं सगळं. लोक म्हणतील, घरानं सरकार चालवलं. तू तिला एक वाक्य लिहून दे ना. कार्यालयीन गफलत झाली, असं काहीतरी. तुझं वाक्य ती वाचते."

मधलीला त्याची दया आली आणि रागही आला. तिच्या हातात होतं, हे खरं होतं. कागदावर लिहून दिलं असतं तर आईनं विश्वासानं वाचलं असतं. हेच तर ती इतके दिवस करत आली होती.

"मी विचारून येते," ती म्हणाली.

आई पलंगाच्या कडेला बसून बुटांचे बंद सोडत होती. मधली खाली बसून मदत करायला वाकली आणि मग थांबली. आईनं सावकाश, चुकतमाकत, दोन्ही बंद सोडले.

"उद्या दादाचं नाव घेणार आहेस?"

"त्यानं पाठवलं?"

"हो."

"त्याचं नाव कशाला?" आई म्हणाली. "सही माझी आहे. आईनं मुलाच्या डोक्यावर टाकून मोकळं व्हायचं, असं कुठं असतं का." मग थोड्या वेळानं म्हणाली, "तुझी वाक्यं फार चांगली असतात, मधले. मला ती माझीच वाटायची. आता माझं म्हणून एखादं तरी बोलून बघते."

मधलीनं आईच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि रडली. किती तरी दिवसांत रडली नव्हती. आईनं तिच्या केसांतून हात फिरवला, मधेच थांबवला, पुन्हा फिरवला.

बाहेर येऊन तिनं दादाला सांगितलं, "तुझं नाव घेणार नाही." त्याचे खांदे उतरले, मोठा श्वास सुटला. तो "बरं" म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. सुटका झालेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, असं मधलीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. मधली, धाकटा आणि मावशी प्रेक्षकांच्या सज्जात बसले. पलीकडे खाणीवरची काही माणसं होती. टोप्या दारावर काढून घेतल्यामुळे हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. पत्रकारांच्या रांगेत तो घड्याळवाला सूत्रसंचालक खरंच घड्याळ घेऊन आला होता.

आई कागदाशिवाय उभी राहिली. कुजबुज झाली. मावशीनं मधलीचा हात घट्ट धरला.

"माझी जीभ अडखळते," आई म्हणाली. "ती लहानपणापासून अडखळते. त्यावर ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसावं, माझी तक्रार नाही." ती थांबली. सूत्रसंचालकानं खाली बघितलं. "पण तुम्ही जे विचारलंत, ते जिभेबद्दल नाही. खाण बंद करायच्या आदेशावर माझी सही आहे. ती मी का केली ते मला…" पुन्हा थांबली. यावेळी फार वेळ. विरोधी बाकांवर कुणीतरी खोकलं. मधलीला शब्द माहीत होता. आईलाही माहीत असावा, पण तो उच्चारणं जड जात होतं, हे वरून स्पष्ट दिसत होतं. "…ते मला आठवत नाही. ज्याला आपली सही आठवत नाही, त्यानं दुसऱ्यांच्या पोटापाण्यावर सही करू नये. म्हणून मी आज ही जागा सोडते आहे. ठरावावर मत घ्यायची गरज नाही."

कुणी बाक वाजवला नाही. अर्थमंत्री चष्मा काढून पुसत होते. आई खाली बसणार, तेवढ्यात विरोधी पक्षनेते उठले. आता त्यांच्या आवाजात आदर नव्हता, पण कपटही नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"सभापती महोदय, मग तो निर्णय घेतला कुणी?"

आईनं माईकवर हात ठेवला. "सही माझी आहे. निर्णय माझाच धरा."

"तो निर्णय मी घेतला."

आवाज मागच्या बाकावरून आला होता. दादा उभा होता. त्याच्या हातात काहीच नव्हतं, आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

आई मागं वळली. माईक चालू होता, सभापती बघत होते, सगळा देश ऐकत होता.

"दादा, खाली बस," ती म्हणाली.

"नाही, आई," दादा म्हणाला. "मला सांगू दे."

सज्जातली खाणीवरची माणसं कठड्यावर पुढं वाकली. आई त्याच्याकडे बघत राहिली, मग हळूहळू आपल्या जागेवर बसली, आणि तिच्या मुलानं त्या संध्याकाळी काय झालं ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.